पाणी फाटकाशी येण्याआधी : कृष्णाकाठच्या मिशन कंपाउंडसाठी पुराची तयारी, फुटाफुटाने

५ ऑगस्ट २०१९, नागपंचमीचा सोमवार. आमच्या कंपाउंडातल्या बोर्डिंगच्या व्हरांड्यात चर्चची पंच कमिटी बसली होती. प्रश्न एकच: मुलांना आज हलवायचं की उद्या सकाळी? एकाने २००५ चा पूर काढला, दुसऱ्याने कोयना धरण काढलं, तिसरा म्हणाला आधी प्रार्थना करू. ती केली, आणि मग पुन्हा २००५. दोन तास गेले. उठलो तेव्हा शेवटच्या पायरीखाली काढलेल्या चपलांपैकी चार-पाच जोड पाण्यावर फिरत होते आणि पाळकसाहेबांची एक स्लिपर विहिरीच्या दिशेने निघाली होती.

व्हरांडा कोरडा होता. पण फाटकाशी पाणी लहान मुलांच्या छातीला लागत होतं आणि फाटकाबाहेरच्या ओढ्यावरची मोरी दिसतच नव्हती. त्या रात्री बोर्डिंगची मुलं एकेक करून खांद्यावरून बाहेर काढली. कुणाला काही झालं नाही, ही देवाची कृपा. कमिटीचं त्यात काही कौतुक नाही.

सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात नदीच्या उतारावर चर्च, बोर्डिंग, जुने बंगले, नर्सबाईंची क्वार्टर्स असलेली जी आवारं आहेत, त्यांच्या कमिट्यांसाठी हे लिहितोय. सगळं सार एका ओळीत सांगायचं तर, कुठलं काम नदी किती फुटांवर असताना करायचं हे मे महिन्यातच ठरवून भिंतीवर लावा. पूर चढत असताना ठरवायला बसू नका.

पहिलं काम : तुमचा आकडा शोधा

सांगलीत सगळ्यांची फूटपट्टी एकच, कृष्णेवरचा १९२९ सालचा आयर्विन पूल. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २००५ ला पाणी ५३ फुटांवर गेलं, २०१९ ला ५७ च्याही वर आणि २०२१ च्या जुलैत ५४ च्या पुढे. कोल्हापूरकरांसाठी पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. तिथे इशारा ३९ आणि धोका ४३.

हे आकडे सरकारचे झाले. तुमच्या उंबऱ्याचा आकडा सरकार सांगत नाही, तो तुम्हीच काढायचा. मागच्या पुराचा डाग कुठल्यातरी भिंतीवर असतोच. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, तिच्यात पाणी भरा आणि त्या डागापासून फाटक, बोर्डिंगची फरशी, चर्चची फरशी, बंगल्याचं जोतं किती खाली-वर आहे ते मोजा. त्या दिवशी पुलावर किती फूट होतं ते माहीत असतं. वजाबाकी केली की झालं. दोन माणसं आणि एक दुपार एवढाच खर्च. नदीला उतार असतो, त्यामुळे हिशेब इंचाला जुळत नाही, पण फुटाला जुळतो.

आमचा फलक असा आहे (आकडे आयर्विनच्या फुटांत):

४४ – ओढ्यावरची मोरी बुडते
४६ – फाटकाचा उंबरा
४९ – बोर्डिंगची फरशी
५१ – चर्चची फरशी
५४ – बंगल्याचं जोतं

यातला महत्त्वाचा आकडा पहिला. आम्ही वर्षानुवर्षं ‘बोर्डिंगमध्ये पाणी कधी येतं’ हेच विचारत राहिलो. घरात पाणी यायच्या पाच फूट आधी बाहेर पडायचा रस्ता जातो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मोरी ४४ ला बुडते म्हणून आमची न चालणारी माणसं ४० लाच निघतात. चार फूट जास्त वाटतील, पण चढ जोरात असला की एवढं पाणी एका रात्रीत चढतं, आणि रात्री म्हातारी माणसं हलवता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट फलकावर लाल रंगात लिहा: जुना डाग ही हद्द नव्हे. २००५ ला पाणी आमच्या बंगल्याच्या शेवटच्या पायरीवर थांबलं. म्हणून २०१९ ला सगळ्या कंपाउंडाने सामान बंगल्यात नेऊन ठेवलं. बंगला साहेबांच्या काळातला, जोतं पुरुषभर उंच, ‘तिथे पाणी येऊच शकत नाही’. त्या वर्षी बंगल्यात तीन फूट पाणी उभं होतं आणि अख्ख्या कंपाउंडाच्या गाद्या एकाच ठिकाणी भिजल्या.

बातमी कुठली ऐकायची

कोयना धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचं. तिथला विसर्ग वाढला की पाणी सांगलीत यायला साधारण एक-दीड दिवस लागतो. तेवढा वेळ तुमच्या हातात असतो. पण फक्त कोयनेवर डोळा ठेवणारे फसतात. वारणा सांगलीच्या खाली हरिपूरला मिळते, पंचगंगा त्याहून खाली नृसिंहवाडीला. त्या दोन्ही भरून वाहत असल्या की कृष्णेला पुढे सरकायला जागा नसते, पाणी फुगून मागे येतं. म्हणून कोयनेचा विसर्ग, वारणेचा विसर्ग आणि आयर्विनची पातळी हे तीन आकडे दर तीन तासांनी एकाच माणसाने वहीत लिहायचे. व्हॉट्सअॅपवरचा फॉरवर्ड वहीत चढत नाही, जलसंपदा खात्याचा किंवा जिल्हा प्रशासनाचा आकडा चढतो. सांगलीतल्या नदीकाठच्या सखल सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटमधली माणसं टेम्पो शोधायला लागली की वहीची पुढची ओळ काय असणार ते कळतंच.

खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे आपल्याकडे पूर येतो की नाही, हा वाद ज्याला घालायचा त्याने ऑक्टोबरात घालावा.

चिपळूण-महाडकडच्या मंडळ्यांनी (म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांनी) मात्र हे वेळापत्रक उचलू नये. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीने चिपळूणला जो वेळ दिला तो तासांचा होता. आमची कृष्णा चढते हळू आणि बसते आठवडाभर. त्यांची धाडकन येते.

माणसं : कोण, कधी, कुठे

यादी घरांची करू नका, माणसांची करा. आमच्या यादीत चार रकाने आहेत: नाव, चालता येतं का, रोजचं औषध, कोण घेऊन जाणार. शेवटच्या रकान्यात ‘तरुण संघ’ असं लिहू नका. तरुण संघ कुणालाच उचलत नाही; एखादा तरुण उचलतो, त्याचं नाव लिहा.

३८ फुटांना बोर्डिंगची मुलं घरी किंवा ठरलेल्या ठिकाणी. पालकांना आदल्या दिवशी फोन, आणि ज्या मुलांना घरच नाही त्यांच्यासोबत जाणारे दोन शिक्षक आधीच ठरलेले. ४० ला अंथरुणावरचे, डायलिसिसवाले, गरोदर बाया, लहान बाळं आणि त्यांच्या आया. ४२ ला बाकी सगळे. ४३ नंतर कंपाउंडात फक्त चार जण राहतील, चौघांनाही पोहता येत असेल, आणि त्यांत पाळकसाहेब नसतील. त्यांची गरज जिथे मंडळी गेली तिथे असते. हे आमच्या पाळकसाहेबांना पटवायला दोन बैठका लागल्या.

न हलणारी माणसं प्रत्येक कंपाउंडात असतात. आमच्याकडे एक निवृत्त सिस्टर आहेत, चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या, कुणाचं ऐकायची सवय नाही. २०१९ ला म्हणाल्या, ‘‘२००५ ला गेले नाही, आता कशाला? माझी कोंबडी अंड्यावर बसलीय.’’ त्यांना शेवटी छपरावरून काढावं लागलं. २०२१ ला मी वाद घातला नाही. पातळी ३९ असताना गेलो आणि म्हटलं, ‘‘सिस्टर, तिकडे तीस माणसं असणार, बीपी-शुगर बघायला कुणी नाही. तुम्ही आधी चला.’’ अर्ध्या तासात पिशवी तयार. कोंबडी पाटीखाली झाकून सोबत घेतली. ज्याला ‘वाचवायचं’ असतं तो हटून बसतो, ज्याला काम दिलं तो उठतो.

कुठे जायचं हेही मे महिन्यात ठरवा. मिरजेच्या उंच भागातल्या एका मंडळीशी आमचं लेखी ठरलं आहे: दोन वर्ग, दोन संडास, स्वयंपाकाची जागा, सात दिवस. पत्रावर दोन्हीकडच्या सेक्रेटरींच्या सह्या. भाऊबंद आहेत, नाही कसं म्हणतील, यावर विसंबू नका. नाही म्हणत नाहीत, पण किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नसतं.

निघायचा इशारा आम्ही घंटेने देतो. मयताची घंटा एकेक ठोका सावकाश, उपासनेची नेहमीची. पुराची सलग, पाच मिनिटं न थांबता. जूनच्या एका रविवारी उपासनेनंतर ती एकदा वाजवून दाखवा. आमच्याकडे पहिल्यांदा वाजवली तेव्हा शेजारच्या गल्लीतले लोक विचारायला आले. त्यांनाही तिचा अर्थ सांगून ठेवला.

रजिस्टरं

खुर्च्या पुन्हा येतात. बाप्तिस्म्याचं रजिस्टर येत नाही.

१८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागलेल्या लग्नांच्या नोंदी सरकारकडेही जातात. बाप्तिस्म्याची आणि दफनाची नोंद मात्र आमच्याकडे एकाच जाडजूड वहीत, एकाच कपाटात, तेही खालच्या कप्प्यात, कारण वह्या जड. जुन्या माणसांच्या जन्मतारखेचा तोच एक कागद असतो.

म्हणून उन्हाळ्यात दोन मुलींना बसवा आणि मोबाइलवर प्रत्येक पान काढून घ्या. खिडकीशी, सावलीत, पान सपाट ठेवून, वरून सरळ. फोटो दोन ठिकाणी ठेवा; एक ठिकाण गावाबाहेरचं, म्हणजे पुण्या-मुंबईत असलेल्या मंडळीच्या एखाद्या मुलाकडे. मूळ वह्या झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीत, पेटीला दोन्ही बाजूंनी कड्या, वर नाव. ३८ फुटांना मुलांच्या पहिल्या गाडीतून ही पेटी जाते. ट्रस्टचे कागद, मिळकतीचा उतारा, बँकेची पुस्तकं त्याच पेटीत.

आणि भिजलीच तर? २०१९ ला आमच्या तीन वह्या भिजल्या. पहिली आम्ही उन्हात उघडून ठेवली. पानं पापडासारखी वाकली आणि ओली शाई ओघळून नावांचे निळे ढग झाले. दुसरीची चिकटलेली पानं सोडवायला गेलो, तर पान अर्धं या हातात, अर्धं त्या हातात. तिसरीच्या वेळी कुणीतरी शहाणं भेटलं. ओली वही उघडायची नाही, पुसायची नाही, आहे तशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवायची. दोन दिवसांत बुरशी धरते. गोठवलं की ती थांबते आणि तुम्हाला सवड मिळते. मिरजेतल्या एका आइस्क्रीमवाल्याने जागा दिली. तीन आठवडे आमच्या मंडळीचे बाप्तिस्मे फॅमिली पॅकच्या शेजारी होते. मग थोडी थोडी बाहेर काढून, सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये टीपकागद घालत आणि तो बदलत वाळवली. ती वही आज वाचता येते.

सामान, वीज, गॅस

हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे चुकणाऱ्या चार गोष्टी तेवढ्या सांगतो.

लाकडी बाकं तरंगतात आणि दारं-खिडक्या फोडतात. एकात एक घालून दोराने खांबाला बांधा. पेटी, तबला, ध्वनिवर्धक माळ्यावर न्या. ऑर्गन जड म्हणून शेवटी ठेवतात आणि शेवटी तो राहतोच, तेव्हा त्याच्यापासून सुरुवात करा. मेन स्विच माणसं निघताना पाडायचा, पाणी आल्यावर ओल्या हाताने नाही. आणि पाणी ओसरल्यावर वायरमनने बघितल्याशिवाय चढवायचा नाही.

गॅसचा भरलेला सिलिंडरही तरंगतो. घरगुती टाकी आणि आतला गॅस मिळून तीस किलोच्या आसपास भरतात, आणि ती पाणी हटवते त्याहून जास्त. रेग्युलेटर काढा, टोपी लावा, टाकी उभी करून बांधा.

पाणी आधी नदीच्या बाजूने येत नाही, गटारातून आणि संडासातून येतं. कमोडवर वाळूचं पोतं ठेवा. हसू येतं, पण नंतरचं अर्धं घाण काम त्या एका पोत्याने वाचतं.

पाणी आत असताना

नावेत किती माणसं बसणार हे नावाडी ठरवतो, किनाऱ्यावरची गर्दी नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली आणि कितीतरी बायका-मुलं गेली. आमच्या भागात गुळाची काहील घेऊन पाण्यात उतरायची जुनी चाल आहे. उभ्या पाण्यात एका माणसापुरती ती ठीक. ओढीच्या पाण्यात आणि दुसऱ्या माणसाला घेऊन, अजिबात नाही. एनडीआरएफची बोट येईपर्यंत वरच्या मजल्यावर थांबणं यात भित्रेपणा काही नाही.

त्या आठवड्यात मयत झालं तर काय, हे कुणी आधी विचारत नाही. दफनभूमी बहुधा सगळ्यात खोल जागेत असते. २०१९ ला आमच्या एका आजोबांचा पूर चालू असताना मिरजेत मृत्यू झाला आणि जागेसाठी दिवसभर फोन फिरत राहिले. आता पत्रात तेही आहे: गरज पडली तर तुमच्या दफनभूमीत आमच्या माणसाला जागा, पंथ कुठलाही असो. शवपेटी करणाऱ्या सुताराचा नंबर आणि शवागाराचा नंबर फलकावर. पाणी उतरल्यावर जुन्या कबरी खचतात. कुटुंबीयांनी ते बघण्याआधी मुरूम टाकून घ्या.

रविवार, ११ ऑगस्टची आमची उपासना एका शाळेच्या हॉलमध्ये झाली, बाजूला इतर शंभरेक पूरग्रस्त. माइक लावला नाही, वीस मिनिटांत आटोपली. दुसऱ्या दिवशी बकरी ईद होती. त्याच हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात नमाज झाली आणि आमच्या महिला मंडळाने चहा केला.

मदत घेताना आणि देताना

तुमचं कंपाउंड उंचावर असेल तर लोक तुमच्याकडे येतील. दार उघडताना दोन नियम: ताटाआधी कुणाला जात-धर्म विचारायचा नाही, आणि ताटासोबत पत्रकं वाटायची नाहीत. भुकेल्याला प्रचार ऐकवणं मला स्वतःला पटत नाही. शिवाय त्यातून जो संशय उठतो तो पुढे दहा वर्षं निस्तरावा लागतो.

काय हवं ते मोठ्या अक्षरात लिहून पाठवा, नाहीतर जुने कपडे येतात. आमच्याकडे एक खोली भरून आले, त्यात लग्नातली शेरवानीही होती. खरी गरज असते ती फावडी, खराटे, पाट्या, गमबूट, चटया, नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड आणि फिनेलची.

पैशाबाबत सावध राहा. परदेशातली मंडळी प्रेमाने विचारतात, ‘खातं सांगा, पाठवतो’. परदेशी देणगी फक्त एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि तीही २०२० च्या दुरुस्तीनंतर दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच. भारतीय पासपोर्ट असलेला आपला मुलगा दुबईहून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवतो ते परदेशी देणगीत येत नाही. पण नागरिकत्व बदललेल्या काकांचे पैसे त्यात येतात, ओसीआय कार्ड असलं तरी. चर्चच्या साध्या खात्यात ते घेऊ नका.

उतार लागला की

पाणी उतरत असतानाच गाळ काढायचा. घोटाभर पाणी आत आहे तोवर खराट्याने ढवळून त्या पाण्याबरोबरच बाहेर ढकला. एकदा वाळला की तो फावड्याने फोडावा लागतो. म्हणून सफाईची टोळी पाणी उतरायच्या आदल्या दिवशीच जवळ हवी.

पण आत शिरण्याआधी भिंती बघा. मातीत बांधलेल्या जुन्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी गेल्यावर बसतात. कौलांची ओळ वाकडी दिसली, कोपऱ्याला ताजी चीर दिसली, तर आत जाऊ नका. काठीने आवाज करत शिरा. साप माळ्यावर, बाकाखाली, पेटीत असतात. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, आणि लेप्टोच्या (उंदरांच्या मुतातून चिखलात पसरणाऱ्या तापाच्या) गोळीबद्दल आरोग्य केंद्रात विचारा.

विहीर आधी उपसून काढा, पाणी नितळ आलं की टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हिशेब असा: व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ०.७८५, म्हणजे घनमीटर. एका घनमीटरला, म्हणजे हजार लिटरला, चांगली पावडर अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर २८ हजार लिटर, म्हणजे सत्तर ग्रॅम. पुरानंतर आम्ही दुप्पट टाकतो. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं पाणी विहिरीत सोडायचं. किमान एक तास कुणी पाणी भरायचं नाही. तरीही पहिले काही दिवस उकळूनच प्या.

पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत सामान फेकू नका. फेकावंच लागलं तर डागासकट फोटो काढून फेका. मिशनच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांची एक वेगळी अडचण असते. घर ट्रस्टचं, त्यामुळे त्यांच्या नावावर उतारा नाही, घरपट्टी नाही, आणि यादीतून नाव गळतं. ‘अमुक कुटुंब तमुक खोलीत इतकी वर्षं राहतं’ असं ट्रस्टच्या लेटरहेडवरचं पत्र प्रत्येक घराला मे महिन्यातच द्या. सोबत रेशनकार्ड आणि लाइट बिल. २०१९ ला आमच्या अकरा घरांपैकी चार घरांना सानुग्रह अनुदान मिळालं, २०२१ ला पत्रं हातात होती तेव्हा सगळ्यांना.

शेवटी, भिंती रंगवण्याआधी नवा डाग तैलरंगाने पक्का करा: आडवी रेघ, तारीख आणि त्या दिवशीचा आयर्विनचा आकडा. आमच्या एका उत्साही कमिटी मेंबरने नाताळच्या रंगकामात २००५ ची रेघ पुसून टाकली होती. ती पुन्हा मारली आठवणीवर, दीड फूट चुकीच्या जागी.